तिसरी घंटा : शेवटच्या रांगेतली आजी

गेल्या अंकात एका प्रश्नाच्या ओघात मी लिहून गेले, की मला मराठी बोलायला नटवर्य डॉ. श्रीराम लागूंनी शिकवलं, तेही समोरासमोर एक शब्द न बोलता. त्यावर इतकी पत्रं आली की या खेपेचं सगळं सदर डॉक्टरांनाच देते आहे. बऱ्याच पत्रांतले प्रश्न सारखे होते, त्यांतलं एकेक निवडलं आहे.

प्रश्न : बाई, मी एफवायला आहे. कॉलेजच्या एकपात्री स्पर्धेसाठी 'नटसम्राट'मधलं, बेलवलकर घर मागतात ते स्वगत बसवतोय. तालमीत दोन मिनिटांत माझा आवाज बसतो. सर म्हणतात, अजून जोर लाव. डॉ. लागू एवढा जोर कुठून आणायचे?
– एक विद्यार्थी, इस्लामपूर

बाळा, जोर लावू नकोस. माझ्या आजीची गोष्ट ऐक, मग सांगते का ते.

मी आठवीत होते. 'नटसम्राट' दौऱ्यावर सांगलीला आलं होतं. वडील छापखान्यात खिळे जुळवायचे, त्यामुळे तिकिटं काढली ती सगळ्यांत मागची. आजीही आली. तिला ऐकू कमी यायचं. कीर्तनाला नेलं तरी दर दोन मिनिटांनी शेजारच्या बाईला कोपरानं ढोसायची, 'काय म्हणाले गं?' त्या रात्री तिच्या शेजारी मी होते, त्यामुळे आता नाटक काही धड बघायला मिळणार नाही हे धरूनच बसले होते. तिसरी घंटा झाली, पडदा वर गेला. पहिला अंक संपला तरी कोपर लागलं नाही. झोपली की काय म्हणून वळून बघितलं, तर ती पुढे वाकून दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसलेली. मध्यंतरात म्हणाली, 'हा माणूस शब्दाचं शेपूट तोडत नाही.'

हे वाक्य मी चाळीस वर्षं वर्गात आणि तालमीत वापरलं. पण त्याचा पुरता अर्थ मला पुढे कानाच्या डॉक्टरांकडे कळला. आजीची तपासणी झाली, त्यांनी आलेख पुढ्यात ठेवला आणि समजावलं, की उतारवयात आधी जातात ते वरच्या पट्टीतले बारीक आवाज. स, श, त, क, फ अशी व्यंजनं त्यात येतात. आ, ओ, ऊ हे स्वर बराच काळ ऐकू येत राहतात. म्हणून म्हातारं माणूस म्हणतं, 'आवाज येतो रे, शब्द कळत नाहीत.' आणि आपण काय करतो, ओरडतो. ओरडल्यानं वाढतो तो स्वर. 'त' काही ओरडता येत नाही, तो जिभेनं नेमका उच्चारावाच लागतो.

डॉ. लागू स्वतः कान-नाक-घशाचे सर्जन होते. ती तपासणीची खोली आणि नाट्यगृहाची मागची रांग माझ्या मनात तेव्हापासून एकत्र आहेत.

दुसरी गोष्ट आपल्या भाषेची. मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं आणि नकार तर त्याच्याही मागे. 'मी पैसे घेतले नाहीत' हे वाक्य घे. दम संपला म्हणून 'नाहीत' गिळलंस, तर मागच्या रांगेला म्हाताऱ्यानं चोरी कबूल केल्याचंच ऐकू जाईल. नाटकात बेलवलकरांवर पोटच्या मुलीच्या घरी चोरीचा आळ येतो, तिथे एवढी चूक परवडत नाही. डॉक्टरांची पल्लेदार वाक्यं ऐकताना शेवटच्या अक्षराकडे लक्ष दे. ते अक्षर हळू असेल, कापरं असेल, पण असतंच.

आता तुझं स्वगत. नाटकात ते कुठे येतं, हे आधी बघ. अप्पासाहेबांनी, म्हणजे म्हाताऱ्या नट बेलवलकरांनी, सगळी मिळकत मुलांना वाटून टाकली आहे. मुलाचं घर सुटलं, मुलीचं सुटलं, ज्यांना ते 'सरकार' म्हणायचे त्या कावेरीबाईही गेल्या. मग हा माणूस घर मागतो. तो थकलेला आहे. थकलेलं माणूस पहिल्या वाक्यापासून टिपेला जात नाही, कारण त्याच्याकडे तेवढा श्वासच नसतो. स्पर्धेचं परीक्षण करताना मी हे स्वगत शंभरएक वेळा तरी ऐकलं असेल, आणि बहुतेक मुलं भांडल्यासारखं घर मागतात. मागणाऱ्याच्या आवाजात भांडण आलं की दार बंद होतं, हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

तालीम अशी कर. संहितेवर पेन्सिलीनं श्वासाच्या जागा खुणा करून घे आणि त्या बदलू नकोस. मित्राला हॉलच्या शेवटच्या खुर्चीवर बसव. तू नेहमीच्या बोलण्याच्या आवाजात वाक्य म्हण, त्यानं ते जसंच्या तसं परत म्हणायचं. ज्या शब्दाला तो अडेल, तिथे तुझी जीभ आळशी आहे. आठ दिवस एवढंच. भावना नंतर. आवाज बसला असेल तर कुजबुजून तालीम करू नकोस, ताणून कुजबुजल्यानं घशाला आणखी त्रास होतो. गप्प बस आणि पाणी पी. तीन आठवड्यांत घसा मोकळा झाला नाही तर डॉक्टरांना दाखव. तुझ्या सरांना हे पत्र वाचायला दे. त्यांनी रागावू नये, तेही तुझ्या भल्यासाठीच सांगताहेत.

प्रश्न : डॉक्टरांच्या आत्मचरित्राचं नाव 'लमाण' का? ते लमाण समाजाबद्दल आहे का?
– एक वाचक, परळी

नाही, ते नटाबद्दल आहे. लमाण म्हणजे बैलांच्या पाठीवर माल लादून एका मुलखातून दुसऱ्या मुलखात नेणारा. नट लेखकाकडचा ऐवज घेतो आणि प्रेक्षकापर्यंत पोहोचवतो, माल त्याचा नव्हे, तो वाहून नेणारा, अशा अर्थानं डॉक्टरांनी स्वतःला लमाण म्हटलं. एवढ्या मोठ्या नटानं स्वतःसाठी हा शब्द निवडला याचं मला अजून अप्रूप वाटतं. त्यात नम्रता आहेच, पण जबाबदारीही आहे. वाटेत गोणी फाटली आणि धान्य सांडलं तर दोष लमाणाचा. पुस्तक मिळवून वाचा. गद्य कसं लिहावं हे कळण्यासाठीही वाचा.

प्रश्न : मी चौतीस वर्षं परिचारिका होते. चांगला सर्जन तयार व्हायला किती वर्षं जातात ते मी जवळून पाहिलं आहे. एवढं शिक्षण सोडून नाटकात जाणं मला आजही पटत नाही. डॉक्टरांनी असं का केलं?
– एक वाचिका, सातारा

ताई, तुमच्या प्रश्नात रुग्णांची काळजी आहे म्हणून तो मला आवडला. आणि तुम्ही डॉक्टरांच्याच जन्मगावच्या. १६ नोव्हेंबर १९२७ ला ते साताऱ्यात जन्मले.

आधी एक गैरसमज दूर करते. एका सकाळी स्टेथोस्कोप खुंटीला टांगला आणि संध्याकाळी तोंडाला रंग लावला, असं घडलेलं नाही. पुण्याच्या बी. जे. मेडिकल कॉलेजात शिकत असतानाच ते नाटकात कामं करू लागले होते. पुढे नाट्यदिग्दर्शक भालबा केळकर आणि त्यांची पीडीए, म्हणजे प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन, हे त्यांचं घर झालं. वसंत कानेटकरांचं पहिलं नाटक 'वेड्याचं घर उन्हात' १९५७ साली पीडीएनंच रंगमंचावर आणलं, त्यात मुख्य भूमिका लागूंची होती. दिवसा दवाखाना आणि रात्री तालीम. ही हौशी रंगभूमी, तिथे मानधन कसलं, चहा स्वतःच्या खिशातून. याच काळात त्यांनी एम.एस. केलं, पुण्यात व्यवसाय केला, जादा प्रशिक्षणासाठी कॅनडा आणि इंग्लंडला जाऊन आले आणि मग टांझानियातल्या टबोरा इथे सर्जन म्हणून नोकरी केली.

मला वाटतं, खरा निर्णय त्या आफ्रिकेच्या मुक्कामात पिकला असावा. पुण्यात होते तोवर दोन्ही संसार चालत होते. टबोऱ्यात शस्त्रक्रिया होत्या, मराठी नाटक नव्हतं. ज्याच्यावाचून आपण राहू शकत नाही ते काय, हे ते दूर गेल्यावरच कळतं. १९६९ साली परत आल्यावर त्यांनी पूर्णवेळ नट व्हायचं ठरवलं आणि कानेटकरांच्याच 'इथे ओशाळला मृत्यू'मध्ये संभाजी उभा केला. वय बेचाळिशीच्या उंबरठ्यावर. ज्या वयात नायकाच्या भूमिका हातून सुटायला लागतात, त्या वयात या माणसानं धंद्याची रंगभूमी धरली.

तुम्ही शस्त्रक्रियेच्या टेबलाशी उभ्या राहिलेल्या आहात, म्हणून तुम्हाला सांगते. त्या खोलीतली शिस्त त्यांनी सोडली असं मला कधीच वाटलं नाही. त्यांच्या कामात उगाच हललेला हात सापडायचा नाही. हातातली काठी एका जागेवरून दुसऱ्या जागी ठेवली तर त्याला कारण असायचं. नाटकातली माणसंही त्यांना शेवटपर्यंत 'डॉक्टर' म्हणत. ती फक्त पदवी राहिली नव्हती.

रुग्णांचं नुकसान झालं का? झालं असेल. दुसरा सर्जन मिळाला असता, हे उत्तर मी देणार नाही, कारण जिथे सर्जन नसतो तिथे काय होतं हे तुम्हाला माझ्याहून जास्त माहीत आहे. पण संभाजी झाल्यावर वर्ष-दीड वर्षातच, २३ डिसेंबर १९७० ला, मुंबईत बिर्ला मातोश्री सभागृहात 'नटसम्राट'चा पहिला प्रयोग झाला. वि. वा. शिरवाडकरांची संहिता, पुरुषोत्तम दारव्हेकरांचं दिग्दर्शन, गोवा हिंदू असोसिएशनची निर्मिती, कावेरीच्या भूमिकेत शांता जोग. त्या नाटकानं किती घरांत म्हाताऱ्यांच्या खोलीचं दार पुन्हा उघडलं, हे कुठल्या नोंदवहीत सापडणार नाही. आमच्या घरात उघडलं. आजी आधी मागच्या पडवीत निजायची. त्या प्रयोगानंतर आठवड्याभरात वडिलांनी तिची खाट माजघरात आणली. कुणी काही बोललं नाही.

प्रश्न : आमच्या वडिलांचं ठाम मत, खरा बेलवलकर दत्ता भटांचा. मी लागूंचा पक्ष घेते. घरात वाद पेटतो. निकाल द्या.
– एक वाचिका, नाशिक

निकाल देणार नाही, आणि तो पळपुटेपणा नाही. दत्ता भट, सतीश दुभाषी, यशवंत दत्त, प्रत्येकानं हा म्हातारा आपापल्या हाडामांसातून काढला. दत्ता भटांचा बेलवलकर मी दोनदा पाहिला. त्यांच्यात एक उघडी माया होती. नातीशी, ठमीशी ते बोलायला लागले की सगळं नाट्यगृह आजोबा व्हायचं. लागूंच्या बेलवलकरात अभिमान जास्त होता, त्यामुळे तो मोडताना आवाज मोठा झाला. वडिलांना विचारा, त्यांनी तो प्रयोग कुणाबरोबर पाहिला होता. माझा अनुभव असा, की या नाटकाच्या आठवणीत नटाच्या शेजारी आपल्या घरचं एक माणूस बसलेलं असतं, आणि आपण भांडतो ते बहुतेक त्याच्यासाठी. वडील सांगतील ते लिहून ठेवा. भूमिका इतक्या जणांनी पेलली यात शिरवाडकरांचं मोठेपण आहे. १९७४ साली या नाटकाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, तो लेखकाचा मान होता.

प्रश्न : नाटकं बघायला आमचा जन्म उशिरा झाला. डॉ. लागूंचे सिनेमे बघायचे तर कुठून सुरुवात करू? हिंदीत ते सारखे बाप नाहीतर जज दिसतात.
– एक वाचक, पुणे

दोन मास्तरांपासून सुरुवात करा. लागोपाठच्या दोन रात्री दोन सिनेमे.

पहिल्या रात्री व्ही. शांताराम यांचा 'पिंजरा', १९७२ चा. गावाला वळण लावणारे आदर्श गुरुजी तमाशातल्या बाईच्या, संध्याबाईंनी केलेल्या चंद्रकलेच्या, नादी लागतात. गावाला वाटतं गुरुजींचा खून झाला. गाव त्यांचा पुतळा उभारतं, आणि खुद्द गुरुजी हातात तुणतुणं घेऊन तमाशाच्या फडात उभे. शेवटी त्यांच्यावर खटला होतो तो स्वतःच्याच खुनाचा. सगळे गाणी आणि नाच बघतात, तुम्ही गुरुजींची मान बघा. पहिल्या भागात ती ताठ आहे, सदऱ्याच्या गळपट्टीला जणू कांजी केली आहे. फडात आल्यावर खांदे वर आणि मान आत गेलेली. तुणतुणं छातीशी धरलंय ते वाजवण्यासाठी नाही, तोंड लपवण्यासाठी. हे मला तिसऱ्यांदा बघताना दिसलं.

दुसऱ्या रात्री 'सामना'. जब्बार पटेलांचं दिग्दर्शन, विजय तेंडुलकरांची पटकथा. १९७५ साली तो बर्लिनच्या महोत्सवात गेला होता. इथेही एक मास्तर, पण दारूत बुडालेला, कुठून तरी भटकत साखरसम्राटाच्या गावात आलेला. समोर निळू फुल्यांचा हिंदुराव पाटील. त्याच्या हाती कारखाना आहे, गाव आहे, माणसांची तोंडं बंद करायची ताकद आहे. आणि हा दारुडा एकच प्रश्न विचारत राहतो, मारुती कांबळे नावाच्या माणसाचं झालं तरी काय. पिंजऱ्यातला गुरुजी वरून खाली येतो, हा मास्तर खालून वर उठतो. दोन्ही माणसं एकाच नटानं तीनेक वर्षांच्या अंतरानं केली आहेत. लागू आणि फुले समोरासमोर येतात तेव्हा दोघंही आवाज चढवत नाहीत. फुले बोलतात तेव्हा लागू ऐकतात, खरोखर ऐकतात. पडद्यावर ऐकणारा नट दुर्मीळ.

त्यानंतर 'सिंहासन', १९७९. तिथे ते अर्थमंत्री विश्वासराव दाभाडे आहेत, मुख्यमंत्रिपदावर डोळा ठेवलेले. खादीच्या आतला लोभ कसा दिसतो ते बघा. आमच्याकडच्या एका सभेत नंतर एक पुढारी बोलायला उभे राहिले, तर मला विश्वासरावच दिसायला लागले.

हिंदीबद्दल तुमचं म्हणणं बरोबर आहे. पुष्कळ सिनेमांत त्यांना दोन प्रसंग आणि एक गाऊन एवढंच मिळालं, आणि मला त्याचं वाईट वाटतं. पण 'घरोंदा' चुकवू नका. १९७७ चा, भीमसेन यांचा. मुंबईत घरासाठी धडपडणारी दोन तरुण माणसं आणि त्यांच्यात आलेला, पैसेवाला, एकटा, उतरत्या वयाचा मोदी. लिहिताना हा माणूस खलनायक होऊ शकला असता. लागूंनी त्याला सभ्य ठेवलं आणि म्हणून आपली पंचाईत होते, राग कुणाचा धरायचा कळत नाही. या भूमिकेसाठी त्यांना फिल्मफेअरचा सहायक अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला. मृणाल सेन यांच्या 'एक दिन अचानक'मध्ये ते पावसात घराबाहेर पडून परत न येणारे प्राध्यापक आहेत. पडद्यावर ते थोडेच दिसतात, पण त्यांची रिकामी जागा सिनेमाभर आहे. अ‍ॅटनबरोंच्या 'गांधी'तले गोपाळ कृष्ण गोखलेही तेच.

प्रश्न : आमचे आजोबा नाटकवेडे. पण लागूंनी देवाला रिटायर करा म्हटल्यापासून त्यांनी त्यांचं एकही नाटक पाहिलं नाही. देव न मानणारा माणूस संतांची भूमिका करतो, हे ढोंग नाही का?
– एक वाचक, पंढरपूर

तुमच्या आजोबांची श्रद्धा दुखावली, ते दुखणं खोटं नव्हे. मी स्वतः दर एकादशीला विठ्ठलाच्या देवळात जाते. तरी ढोंग हा शब्द मी घेणार नाही.

तुम्ही म्हणताय तो सिनेमा 'देवकीनंदन गोपाला', राजदत्त यांचा, १९७७ चा. भूमिका गाडगे महाराजांची. आता गाडगेबाबा कोण होते, हे आधी आठवा. हातात खराटा, गावात आल्यावर पहिलं काम रस्ता झाडायचं. कीर्तनात लोकांना उलट प्रश्न विचारायचे आणि त्यांच्याच तोंडून वदवून घ्यायचे, की नवसाला बकरं कापू नये, कर्ज काढून सण करू नये, पोराला शाळेत घालावं. पंढरपुरात धर्मशाळा बांधल्या, पण स्वतः देवळात गर्दी केली नाही. या माणसाची भूमिका करायला लागूंना काही खोटं करावं लागलं असेल, असं मला वाटत नाही. दोघांची वाट बरीचशी एकच होती.

आणि ते नुसतं बोलून थांबले नाहीत. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामात ते व्यासपीठावर आणि रस्त्यावर उभे राहिले. पूर्णवेळ सामाजिक काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना घर चालवण्यापुरतं मानधन मिळावं म्हणून सामाजिक कृतज्ञता निधी उभा राहिला, त्यासाठी अत्र्यांचं 'लग्नाची बेडी' घेऊन नामवंत नटमंडळी महाराष्ट्रभर फिरली, त्यांत लागू होते, निळू फुले होते. मोठ्या नटानं स्वतःच्या नावाचं बुकिंग दुसऱ्याच्या चुलीसाठी वापरलं.

मत न लपवण्याची सवय त्यांना रंगमंचावरही होती. १९७० साली तेंडुलकरांचं 'गिधाडे' त्यांनी बसवलं. त्यात घरातल्या हिंसेनं एका बाईचा गर्भ पडतो आणि तिच्या साडीवर रक्ताचा डाग दिसतो. सेन्सॉरनं लाल डागाला हरकत घेतली. तेव्हा डाग निळा केला आणि प्रयोगाआधी प्रेक्षकांना सांगितलं, की हा निळा डाग लाल समजावा. नियम पाळला आणि नाटकही सांडू दिलं नाही.

पुढे त्यांचा मुलगा तन्वीर लोकलमध्ये बसलेला असताना बाहेरून फेकलेल्या दगडानं गेला. अशा वेळी भलीभली माणसं आधारासाठी हात जोडतात, आणि त्यात काही चूक नाही. डॉक्टरांनी आपली भूमिका बदलली नाही. मुलाच्या नावानं 'तन्वीर सन्मान' सुरू केला, तो रंगभूमीवर आयुष्य घातलेल्या माणसांना दिला जातो. मी विठ्ठलाला मानते आणि या माणसालाही मानते. आजोबा आज असते तर त्यांना घेऊन 'देवकीनंदन गोपाला' बघायला बसले असते. आता तुम्ही बघा.

प्रश्न : वयानुसार नटाची स्मरणशक्ती कमी होते. लागूंनी उतारवयात काय केलं?
– एक वाचक, नागपूर

एक उदाहरण देते. १९९९ साली मकरंद साठे यांच्या 'सूर्य पाहिलेला माणूस'मध्ये ते सॉक्रेटिस झाले. दिग्दर्शन अतुल पेठे यांचं. तेव्हा डॉक्टर सत्तरी ओलांडलेले, आणि सॉक्रेटिसही विषाचा पेला घेतला तेव्हा सत्तरीचाच. भूमिका वादविवादाची, पानंच्या पानं युक्तिवाद. मी प्रयोगाला मागे बसले, मुद्दाम. आवाज पूर्वीपेक्षा पातळ झाला होता, कुठे कुठे श्वास अपुरा पडत होता. शब्दाचं शेपूट मात्र शाबूत.

प्रश्न : माझा मुलगा एमबीबीएसच्या शेवटच्या वर्षाला आहे. नाटकात जायचं म्हणतो. तुमच्या डॉ. लागूंचं उदाहरण तोंडावर फेकतो. मी आई आहे, मला झोप नाही. काय सांगू त्याला?
– एक आई (गावाचं नाव छापू नये, अशी विनंती)

ताई, मुलानं उदाहरण फेकलं आहे तर ते पूर्ण घ्यायला सांगा. अर्धं घेऊ देऊ नका. पदवी पूर्ण केली, सर्जरीत एम.एस. केलं, परदेशात जाऊन शिकले, आणि नाटकाचा धंदा पत्करला तो बेचाळिशीच्या आसपास. तोवरची सगळी वर्षं पीडीएसारख्या हौशी संस्थेत रात्री जागून काढली. त्यात सतरंज्या घालणं, नेपथ्याचे पट उचलणं, दुसऱ्याच्या भूमिकेला प्रॉम्प्टिंग करणं, हे सगळं येतं. मुलाला विचारा, वर्षभर असं काम करशील का, ज्यात टाळी मिळणार नाही? हो म्हणाला आणि केलं, तर त्याची तहान खरी आहे आणि मग तुम्ही आडव्या येऊ नका. आठ दिवसांत कंटाळला, तर प्रश्न आपोआप मिटला आणि तुमच्यात कटुताही आली नाही.

इंटर्नशिप मात्र मध्येच सोडू देऊ नका, यावर ठाम राहा. डॉक्टर म्हणून नोंदणी झाली की ते दार कायमचं उघडं राहतं. लागूंनाही ते उघडं होतं, म्हणून त्यांना पोटासाठी कुणाच्या दारात भूमिका मागत उभं राहावं लागलं नाही, आणि 'गिधाडे'सारखी नाटकं करायची छाती झाली. पोटाची चिंता नसलेल्या नटाला 'नाही' म्हणता येतं. ही गोष्ट मुलाला तुमच्या तोंडून कळली तर बरं.

आणि एक करा. तो आता कुठल्या गावी शिकतो ते मला कळवा, छापणार नाही. राज्य नाट्य स्पर्धेच्या निमित्तानं तीस वर्षांत पुष्कळ गावांतल्या हौशी मंडळींशी ओळख झाली आहे. त्याला कॉलेज सांभाळून संध्याकाळी सातनंतर जाता येईल अशी तालमीची जागा मी शोधून देते. पहिल्या दिवशी त्याला शेवटच्या रांगेत बसवायला सांगेन.